लाल पट्ट्याची विहीर

माझी नोकरी नेमकी काय, हे माझ्या आईला अजून कोणाला धड सांगता आलेलं नाही. आमच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या मराठी मोहल्ल्यात, कोणी विचारलं की ती म्हणते, पोरगी पाणी तपासते. समोरची बाई तेवढ्यावर थांबली तर ठीक. कुठलं पाणी म्हणून विचारलंच, तर आई इकडेतिकडे बघून आवाज खाली आणते आणि सांगते, "ते बाँबच्या खाणीजवळचं." मग ती बाई माझ्याकडे अशी बघते, की मी आत्ता फुटते की मग. बाँबबिंब काही नाही, हे मी आईला शंभर वेळा समजावलं असेल. डोंगराच्या पायथ्याशी युरेनियम किती निघतं ते बघायला फार वर्षांपूर्वी एक लहानशी खाण खणली होती. परवडत नाही म्हणून ती बंद केली आणि आतून काढलेल्या दगडांचा ढीग तिथंच राहिला. त्या ढिगावरून वाहून आलेलं पाणी गावच्या विहिरींत उतरतं का आणि किती, एवढंच आम्ही मोजतो. आई सगळं नीट ऐकते, मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाँब म्हणते.

मी रायपूरच्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळ्यात, पावसाळा सरल्यावर आणि थंडीत, आम्ही पश्चिमेकडे तीन तास गाडी हाणत त्या गावाला जातो. गाडीत मी, ड्रायव्हर भैया, रिकाम्या बाटल्यांचे दोन खोके आणि हातात मावेल असं एक यंत्र. जमिनीतून किरणं येत असतील तिथं ते टिकटिक करतं. सकाळी सहाला निघायचं आणि ब्राह्मणपाऱ्याच्या तोंडाशी पोहे-जलेबी बांधून घ्यायची. ती पुढच्या सीटवर ठेवायची नाही, कारण शहराबाहेर पडेपर्यंत भैया ती संपवतो. युरेनियम म्हटलं की लोकांना पांढरे झगे आणि तोंडावरचे मुखवटे दिसतात. आम्ही प्रत्यक्षात चप्पल हातात घेऊन शेताच्या बांधावरून चालत असतो आणि गावातल्या कोंबड्या काही खायला मिळेल या आशेने मागे येत असतात. मला हे काम फार आवडतं. ऑफिसात कोणी आजारी पडलं की त्याच्या वाटचा दौराही मी मागून घेते.

माझ्यात एक खोड आहे, ती आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. स्वच्छतेच्या बाबतीत मी आईवर गेले आहे. आई भांडेवालीने घासलेली भांडी पुन्हा घासते आणि मी दुसऱ्याच्या घरी कप तोंडाला लावायच्या आधी आत डोकावते. प्रयोगशाळेत हा गुण मानला जातो. बाटल्या तीनतीनदा धुवाव्या लागतात, तिथं माझ्यासारखी बाई सोनं. बाहेरच्या जगात मात्र माझं तोंड मधूनमधून नको तिथं उघडतं.

आम्ही पहिल्या वर्षी गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासलं, तेव्हा चार विहिरींत युरेनियम मर्यादेच्या वर निघालं. त्यांच्या कठड्यांवर लाल रंगाचा पट्टा ओढला गेला. लाल पट्टा म्हणजे पाणी प्यायचं नाही, सैपाकाला नाही, जनावरांनाही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला टाकी बसवून नळ दिले गेले. त्या चारांतली एक विहीर दाईची होती. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, आणि त्या बाजूला वयाने मोठ्या कोणत्याही बाईला दाई म्हटलं तरी चालतं. या दाईची साठी जवळ आली असेल. काटक, ठेंगणी, बोलायला लागली की समोरच्याच्या दंडावर चापट्या मारत बोलणारी. ती मला नोनी म्हणते. नोनी म्हणजे पोरगी. माझे केस पांढरे व्हायला लागले आहेत, पण तिचं त्याबाबत काही म्हणणं नाही.

ती विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने, दोघांनीच खणली होती. लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी. तो आत उतरून माती भरायचा आणि ही वरून टोपलं ओढून डोक्यावर घेऊन लांब टाकून यायची. दोन उन्हाळे त्यात गेले. नवरा आता नाही. मुलगा कामासाठी भिलाईला असतो. लाल पट्टा ओढला गेला त्या दिवशी ती रडली नाही की भांडली नाही. तिने फक्त विचारलं की हा पट्टा पुसला कधी जाणार. मी सांगितलं, लागोपाठ तीन वेळा पाणी चांगलं निघालं की. ती "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि त्या दिवसापासून मोजायला लागली.

मग साफसफाईचं काम निघालं. दगडांचा ढीग आवळून एका बाजूला रचला, त्यावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवला, वर गवत लावलं. पावसाचं पाणी गावाकडे न येता नाल्याकडे जावं म्हणून दगडी चर काढला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या उतारावर गवत एवढं माजलं, की गावातल्या शेळ्या कुंपणाला नाकं लावून उभ्या राहायच्या. आकडे उतरायला लागले. एकेक करून तीन विहिरींचे पट्टे खरवडले गेले आणि दर वेळी गावात नारळ फुटला. दाईची विहीर तेवढी उतरायचं नाव घेईना. आकडा थोडा खाली आला आणि मग मर्यादेच्या जरा वर जाऊन बसला, तो बसलाच. कधी थोडा वर, कधी थोडा खाली, पण मर्यादेच्या खाली काही येईना. विहीर ढिगापासून लांब, तिच्या अल्याडच्या विहिरी चांगल्या झालेल्या, आणि हिचंच घोडं अडलेलं. प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांनी नकाशे पसरले, मी जुन्या नोंदी उकरल्या, कोणालाच काही कळेना.

नमुना घेण्यात चूक असेल ही शंका मला कधी आली नाही, कारण नमुना घ्यायची पद्धत माझी होती. पहिल्या वर्षी आम्ही आमचंच एक भांडं सगळ्या विहिरींत सोडत होतो. एका विहिरीचं पाणी दुसऱ्या विहिरीला लागेल म्हणून मीच साहेबांना सुचवलं, की ज्या घरची विहीर त्या घरचीच बादली आणि त्याच घरचा दोर वापरायचा. पाणी गाळायचंही नाही, लोक पितात तसंच बाटलीत भरायचं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत नीट उचलायला पाहिजे, असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत सांगत फिरायचे.

त्या थंडीतला आकडा पुन्हा वर आला आणि साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, चार वर्षं झाली, आता विषाची परीक्षा नको. उद्या एखादं पोर त्या विहिरीचं पाणी पिऊन बसेल. उन्हाळ्याचा नमुनाही खराब निघाला तर विहीर बुजवून टाकू, तसं पत्र तुम्हीच तयार करून ठेवा. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. पण पत्राच्या खाली माझी सही होणार होती आणि दाईच्या अंगणात जाऊन हे सांगायचं कामही माझंच होतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन सैपाकघरात नुसती बसून राहिले. आई वांगी चिरत होती. मी मोबाईलवर त्या विहिरीचे चार वर्षांचे फोटो मागेपुढे सरकवत होते. दर नमुन्याचा एक फोटो काढायचा असा नियमच आहे. कठडा, रहाट, दोर, बादली, बाजूला हसणारी दाई. बारा वेळा बघूनही मला त्यात काही दिसेना. आईने विळी बाजूला सारली, हात पुसले आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"हे बादली नवी घेतली काय तिनं?"

मी म्हटलं नाही, तिच्या माहेरची आहे, लग्नातली. पितळी. विहीर बंद झाल्यापासून ती बादली भिंतीला टांगलेली असते, आम्ही जातो त्याच दिवशी खाली उतरते. आईने मोबाईल माझ्या हातून काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. चिंचेने अशी निघत नाही म्हणाली, चिंचेने पितळ लाल मारतं. राखेनेही नाही.

"मग कायनं घासते ते? विचारून ये."

मी चिडले. इथं एका बाईची विहीर बुजवायची पाळी आली आहे आणि तुला भांडं घासायचं पडलं आहे, असं काहीतरी बोलले. आईवर माझ्या चिडण्याचा परिणाम होत नाही, तो माझ्या लहानपणापासूनच होत नाही.

"काहून, विचारले काय जाते? तुले पाणी दिसून राहिलं, मले बादली दिसून राहिली."

उन्हाळ्याच्या दौऱ्याला अजून वेळ होता. तरी मी आधीच जायचं ठरवलं. असली बातमी ऐन नमुन्याच्या दिवशी सांगायची नव्हती. नेहमीप्रमाणे भैयाने आदल्या दिवशी दाईला फोन केला, दीदी येतायत म्हणून. वाटेत मी तीन तास वाक्यं जुळवत होते. एकही जमलं नाही.

दाई अंगणात सुपाने धान पाखडत होती. मला बघून हात झटकून उठली. कठड्यावर बादली उपडी ठेवलेली होती, अशी चकचकीत की तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड मला बघवेना. विहिरीचं सांगायची हिंमत होईना म्हणून मी आईचा प्रश्न काढला. म्हटलं, दाई, माझी आई विचारते आहे, तू बादली घासतेस कशाने?

दाईला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. रायपूरच्या बाईने तिच्या घासण्याची तारीफ केली होती. तिने आधी शेजारच्या घराकडे बघून घेतलं, कारण ही गोष्ट तिने गावात कोणाला सांगितलेली नव्हती. काही बायका लोणच्याचा मसाला लपवतात, तसं. मग माझ्या दंडावर एक चापटी मारून म्हणाली, चल. आम्ही बांधावरून निघालो. गवत लावलेला ढीग मागे पडला, कुंपण मागे पडलं. पलीकडे मोहाचं एक मोठं झाड होतं आणि झाडाखाली राखाडी, पिठासारखी मऊ माती. दाई म्हणाली, खाण चालू होती तेव्हा इथं दगड फोडून, कुटून बारीक करत आणि पुड्या बांधून कुठं कुठं पाठवत. कुटून खाली सांडलेलं हे असंच राहिलं. दाणा बारीक आणि जरा खरखरीत, भांडं एका हातात निघतं.

मी सवयीने यंत्र पिशवीतून काढलं आणि चालू केलं. त्याने अशी टिकटिक लावली की झाडावरचा पक्षी उडाला. आमच्या एकाही नकाशावर ही जागा नव्हती. ढीग नव्हता, खड्डा नव्हता, म्हणून साफसफाईवाल्यांच्याही नजरेतून सुटली होती. मी डोक्याला हात लावून उभी राहिले. चार वर्षं आम्ही काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत होतो. आम्ही यायच्या आदल्या दिवशी भैयाचा फोन जायचा, दाई इथून मूठभर माती न्यायची, बादली लखलखीत घासायची, आणि कितीही विसळली तरी काठाच्या वळणात, कडीच्या भोकात ती भुकटी थोडी राहायचीच. मग आम्ही त्याच बादलीने पाणी काढायचो, न गाळता, माझ्याच नियमाने.

तोवर दाईने मूठभर माती पदराच्या टोकाला बांधून माझ्यापुढे केली होती. तुझ्या आईसाठी घेऊन जा म्हणाली. मी ती माती खाली टाकायला लावली, तिला पाण्याच्या बाटलीने हात धुवायला लावले आणि मग विचारलं, हे कधीपासून?

ती सरळपणे म्हणाली, "तैं ह पहिली दिन कहे रहेस न नोनी, येला माँजव नइ का?"

मला आठवलं. तिची बादली पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती काळवंडलेली होती. मी तोंड वाकडं करून हिंदीत विचारलं होतं, हिला घासत नाही का तुम्ही? बोलून मी तिथल्या तिथे विसरले होते. ती विसरली नव्हती. माझी मलाच एवढी लाज वाटली की मी मोहाच्या मुळावर खालीच बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तोही मी केलेला.

मी तिला सगळं सांगितलं. विहीर बुजवायचं ठरलंय हे सांगितलं आणि बहुतेक बुजवावी लागणार नाही हेही सांगितलं. भुकटी, बादली, बाटली, आकडा, सगळं ओळीने. मला वाटलं ती माझ्यावर भडकेल, आणि भडकली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती फक्त विहिरीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने विचारलं, म्हणजे पाणी चांगलं आहे? मी म्हटलं, असेल, पण माझ्या तोंडावर नको, तपासून बघू. माझ्या तोंडाचा अनुभव आपल्या दोघींना आहे. यावर ती हसली. मग मीही हसले, आणि परत येताना आम्ही दोघी हसतच होतो, एवढ्या की भैयाला वाटलं दाईने मला ताडी पाजली.

साहेबांचा आधी विश्वास बसेना. मग ते म्हणाले, बुजवायचं थांबवा, पण बदल एकच करा. बादली तीच, दोर तोच, काढणारे हात तेच, फक्त घासायची नाही. नवी बादली नेलीत तर उद्या कोणीतरी म्हणेल की भांडं बदललं म्हणून आकडा बदलला. बादली साध्या पाण्याने भरपूर विसळून घेतली आणि दाईला बजावलं, आता ती काळी पडू दे, हिरवी पडू दे, हात लावायचा नाही. मोहाखालची माती उकरून ढिगाच्या पोटात, चिकणमातीच्या थराखाली गेली. दाईची तपासणीही करून घेतली. डॉक्टरांना काही आढळलं नाही, फक्त चहात साखर कमी घ्या म्हणाले, तेव्हापासून ती त्या डॉक्टरांना नावं ठेवते. बाकीच्या भांड्यांसाठी माझ्या आईने चिंच पाठवली आणि मीठ किती घ्यायचं ते फोनवर मोठ्याने सांगितलं. आई तात्यापाऱ्याच्या मराठीत आणि दाई छत्तीसगढीत, तरी अर्धा तास बोलल्या.

उन्हाळ्याच्या नमुन्याचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. बातमी गावभर झाली होती, म्हणून शेजारच्या सगळ्या बायका बघायला जमल्या होत्या. बादली कठड्यावर होती. कळकटलेली, डागाडागांची, काठाला हिरवट. दाई तिच्यापासून चार हात लांब, पाठ करून उभी होती. मी म्हटलं, दाई, काढ पाणी. ती हलेना. जवळ गेले तर डोळ्यांत पाणी.

"बिना माँजे बाल्टी म सगा ल पानी देबो? मोर नाक कट जाही."

सगा म्हणजे पाहुणा. विहीर बुजवायची गोष्ट तिने कोरड्या डोळ्यांनी ऐकली होती, आणि घाण बादली पाहुण्यापुढे ठेवायची म्हणून ती रडत होती. मला तिचं सगळं कळलं. आमच्या घरी कोणी मला असं सांगितलं असतं तर मीही रडले असते. मी जमलेल्या बायकांकडे वळून खणखणीत आवाजात जाहीर केलं, की ही बादली माझ्या हुकमाने घाण ठेवलेली आहे, दाईने चारदा घासते म्हटलं आणि मी चारदा नाही म्हटलं, आणि याबद्दल कोणाला हसायचं असेल त्यांनी मला हसावं. बायका माझ्याकडे बघून मनसोक्त हसल्या. दाईने नाक पुसलं, दोर हातात घेतला आणि प्रत्येकीला पुन्हा एकदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की मॅडमचा हुकूम आहे, माझं काही नाही. मग बादली आत सोडली.

प्रयोगशाळेत तो आकडा आला तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही. आधी तोच नमुना पुन्हा लावला. मग दुसऱ्या बाटलीतला लावला. तिन्ही वेळा मर्यादेच्या खाली, थोडा नाही, चांगला खाली. मग मात्र मी उठले आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मिठी मारली, तिच्या हातात पिपेट होतं तरी. घरी जाताना सदर बाजारातून पेढे घेतले. आईने पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, "मग? विचारले काय गेलं?" पुढचा महिनाभर ती पाऱ्यात ज्याला त्याला फोटोतल्या बादलीची गोष्ट सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात मी फक्त गाडीत बसून जाणारी होते. मी एकदाही मध्ये बोलले नाही. तिचा हक्कच होता तो.

पावसाळ्यानंतरचा नमुना चांगला निघाला. थंडीतलाही चांगला निघाला. तेवढ्या काळात बादलीची रया पार गेली. दाई तिच्याकडे बघायचीच नाही, पाणी काढतानाही मान वळवून काढायची. तिसरा आकडा आला त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर दुसरं पत्र ठेवलं. विहीर वापरासाठी खुली करावी. सही मी जरा मोठीच केली.

पट्टा खरवडायला भैया स्वतः बसला. पाच वर्षांचा रंग, दगडात मुरलेला, पत्र्याच्या तुकड्याने निघता निघत नव्हता. गावकरी जमले, नारळ फुटला, कोणीतरी उदबत्ती लावली. दाईचा मुलगा भिलाईहून आला होता. दाई बादली घेऊन आली. मी तिला म्हटलं, आता घास, आता काही हरकत नाही. ती म्हणाली, आता आधी पाणी.

तिने दोर सोडला. बादली वर आली, तिचं पाणी इकडेतिकडे सांडलं, आणि दाईने ती कडेवर घेतल्यासारखी धरून माझ्यापुढे केली. पहिल्यांदा तू, असं म्हणाली. इतकी वर्षं त्या घरी मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नियमच तसा होता, आमचं पाणी आम्ही रायपूरहून न्यायचो, आणि दाईने दर वेळी ते बघितलं होतं आणि कधी काही म्हटलं नव्हतं. मी ओंजळ पुढे केली. तिने त्या कळकट बादलीतून पाणी ओतलं आणि मी प्याले. थंड, जरा जड, दगडाच्या चवीचं पाणी. मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळ आले. मला इतकं बरं वाटत होतं की मी थांबलेच नाही, ती ओतत राहिली आणि मी पीत राहिले.

मग ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ओ ह घलो मोला अइसनेच पियाय रहिस." त्यानेही मला असंच पाजलं होतं. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तो चिखलाने माखलेला वर आला होता आणि त्याने पहिली ओंजळ तिला दिली होती, याच बादलीतून. हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मला तेव्हा एकदम लक्षात आलं, की सगळ्यांनी नारळाचे तुकडे खाल्ले, मी पाणी प्याले, आणि ज्या बाईची विहीर आहे तिने पाच वर्षांत त्या पाण्याला तोंड लावलेलं नाही, आत्तासुद्धा नाही. मी तिच्या हातातून बादली घेतली. ती जड होती. म्हटलं, दाई, ओंजळ कर. तिने पदर खोचला, वाकली आणि दोन्ही हात जोडून तोंडाशी नेले. मी बादली वाकवली. ती पुरे म्हणेपर्यंत ओतायचं असं मी ठरवलं होतं, आणि ती बराच वेळ पुरे म्हणाली नाही.